एका दिवसात अनेक वाळवंटी माथे: मोहावी आणि सोनोरन वाळवंटांतील पहिल्या मोहिमेची तयारी

कॅलिफोर्निया, नेव्हाडा आणि ॲरिझोना या राज्यांत पसरलेल्या मोहावी आणि सोनोरन वाळवंटांत लहानमोठ्या डोंगररांगांची दाटी आहे. त्यांतील मोजक्याच माथ्यांवर पाऊलवाट जाते, काहींची नावे तरी नकाशावर सापडतात, आणि उरलेले बहुसंख्य माथे केवळ उंचीच्या आकड्याने ओळखले जातात. एखादा असा माथा स्वतंत्रपणे गाठण्यासाठी लांबचा प्रवास करणे परवडत नाही, म्हणून एकाच परिसरातील तीन-चार माथे एका दिवसात जोडण्याची पद्धत पडली आहे. ज्यांना मळलेल्या वाटेवर दिवसभर चालण्याची सवय आहे, पण वाट नसलेल्या वाळवंटात असा जोडदिवस कधी केलेला नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. अशा दिवसाचे यश पायांच्या ताकदीपेक्षा आदल्या रात्री नकाशावर ठरवलेल्या क्रमावर आणि प्रत्येक माथ्यासाठी घातलेल्या वेळेच्या मर्यादेवर जास्त अवलंबून असते. त्यामुळे लेखाचा मोठा भाग घराबाहेर पडण्यापूर्वीच्या कामांविषयी आहे.

१. ऋतू निश्चित करा

नोव्हेंबर ते मार्च हाच या उद्योगाचा हंगाम आहे. याच प्रदेशातील डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती, आणि उन्हाळ्यात सकाळी दहानंतर सखल भागात पायी फिरू नये असे तेथील उद्यान प्रशासन आजही सांगते. कमी उंचीचे माथे एप्रिलनंतर विसरावेत.

हिवाळ्याची अडचण मात्र उलटी असते. डिसेंबरच्या अखेरीस उजेड जेमतेम दहा तास मिळतो, तर फेब्रुवारी संपताना तो अकरा तासांच्या पुढे गेलेला असतो. पहिल्या जोडदिवसासाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण तेव्हा दिवस पुरेसा मोठा असतो आणि रॅटलस्नेक अजून फारसे बाहेर पडलेले नसतात. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर बेत पुढे ढकलावा. कोरड्या तळ्यांच्या चिकणमातीवर आणि ओढ्यांच्या पात्रांतून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर ओलसरपणी गाडी रुतली, तर दिवस तिथेच संपतो.

२. माथ्यांचा गट निवडा

प्रत्येक टेकाडाला स्वतंत्र माथा म्हणता येत नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात माथे मोजणारी मंडळी साधारणपणे ३०० फुटांचा निकष लावतात. माथ्यावरून शेजारच्या अधिक उंच माथ्याकडे जाताना ज्या खिंडीपर्यंत किमान उतरावेच लागते, त्या खिंडीपासून माथा निदान ३०० फूट वर असला पाहिजे. माथा ३,२०० फुटांवर आणि खिंड २,९५० फुटांवर असेल, तर तो शेजारच्या डोंगराचा खांदाच ठरतो.

पहिल्या वेळी गट निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: सर्व माथे एकाच कच्च्या रस्त्याच्या आसपास असावेत, प्रत्येकाची गाडीपासूनची चढण १,५०० फुटांच्या आत असावी, आणि निदान एक माथा इतका सोपा असावा की तो शेवटी सोडून दिला तरी हळहळ वाटू नये. एका माथ्यावरून धारेने थेट दुसऱ्यावर जाण्याचा मोह नकाशा पाहताना हमखास होतो. प्रत्यक्षात अशा धारेवर खाचा आणि कातळटप्पे असतात, आणि एका मैलाला दोन तास लागणे अगदी शक्य असते. दोन माथ्यांमधली खिंड उथळ असेल आणि धार रुंद असेल तरच पायी जोडावे. नाहीतर खाली उतरून, गाडीशी पाणी भरून घेऊन, पुढच्या माथ्याच्या पायथ्याशी जावे. हे दिसायला कमी रुबाबदार असले तरी बहुतेक वेळा लवकर होते.

३. जमीन कोणाची आहे ते तपासा

वाळवंट ओसाड दिसते, म्हणून ते सर्वांसाठी खुले असते असे नाही. बराचसा भाग ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय संस्थेकडे आहे आणि तिथे पायी फिरण्यास सहसा परवानगी लागत नाही. या संस्थेच्या मालकीहक्क दाखवणाऱ्या नकाशांत तिची जमीन पिवळ्या रंगात आणि खाजगी जमीन पांढऱ्या रंगात असते. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे दिले गेल्यामुळे लोहमार्गांच्या आजूबाजूला या रंगांचा बुद्धिबळाचा पट दिसतो. तुमची सोंड, म्हणजे ज्या उपधारेने तुम्ही माथ्याकडे चढणार ती, नेमकी कोणत्या चौकोनातून वर जाते, हे पाहून घ्यावे.

लष्करी हद्दीच्या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. कॅलिफोर्नियातील चॉकलेट माउंटन्सचा हवाई गोळीबाराचा टापू बंद आहे, बुलियन माउंटन्सचा मोठा भाग ट्वेंटीनाइन पाम्सच्या मरीन तळात येतो, आणि ॲरिझोनातील बॅरी एम. गोल्डवॉटर रेंजमध्ये काही ठरावीक भागांतच आणि तेही परवाना काढूनच जाता येते. परवाना असला तरी जमिनीवर पडलेल्या कोणत्याही धातूच्या वस्तूला हात लावू नये, कारण न फुटलेला दारूगोळा तिथे खरोखरच सापडतो.

१९६४च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखीव असलेल्या क्षेत्रांत पायी जाता येते, पण वाहन नेता येत नाही. जुन्या नकाशावर ठळक दिसणारा खाणीचा रस्ता आज अशा हद्दीत गेलेला असू शकतो. तसे झाले, तर गाडीपासून माथ्याचे अंतर दीड मैलावरून एकदम चार मैलांवर जाते आणि सगळे वेळापत्रक कोलमडते. म्हणून गाडी नेमकी कुठपर्यंत जाते हे नव्या नकाशावरून पक्के केल्याशिवाय पुढच्या पायरीकडे वळू नये.

४. नकाशा बारकाईने वाचा

अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे १:२४,००० प्रमाणाचे नकाशे विनामूल्य मिळतात, आणि याच संस्थेच्या टोपोव्ह्यू या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्याही पाहता येतात. जुन्या आवृत्त्यांत खाणी, पाण्याच्या टाक्या आणि पुसट झालेल्या गाडीवाटा दिसतात. नव्या आवृत्त्यांत त्या कित्येकदा गाळलेल्या असतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचणे फायद्याचे ठरते.

समोच्च रेषांच्या बाबतीत नवखी माणसे एक गोष्ट विसरतात. रेषांमधले अंतर ४० फूट असेल, तर ३५ फुटांचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये बेमालूम लपू शकतो. नकाशावर साधा उतार दिसणाऱ्या घळीत कोरडा धबधबा निघतो तो असाच. उताराचा कोन रंगांनी दाखवणारे थर कॅलटोपोसारख्या संगणकीय नकाशांच्या साधनांत असतात; ते उपयोगी आहेत, पण त्यांच्या जोडीला उपग्रह छायाचित्रही पाहावे. छायाचित्रात कड्याची सावली दिसते. गुळगुळीत फिकट पट्टा बहुधा वाळूचा किंवा मुरमाचा असतो, आणि गडद, खरबरीत पट्टा म्हणजे ज्वालामुखीय दगडांचा ढीग असण्याची शक्यता अधिक.

जुन्या नकाशावरून अक्षांश-रेखांश उतरवून घेत असाल, तर नकाशाचा आधारांक (डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या मूळ आधारावरून मोजले तो) कोणता हे त्याच्या समासात पाहावे. १९२७चा आधारांक आणि आजच्या जीपीएसचा आधारांक यांत या भागात सुमारे शंभर मीटरपर्यंत फरक पडतो. रुंद माथ्यावर तो जाणवत नाही. जवळजवळ उभ्या असलेल्या दोन सुळक्यांपैकी एक निवडायचा असेल, तेव्हा तेवढ्याने चूक होते.

प्रत्येक माथ्यासाठी चार बिंदू फोनमध्ये आणि कागदावरही नोंदवावेत: गाडीची जागा, सोंडेवर चढण्याची जागा, माथा, आणि उतरताना सोंड सोडण्याची जागा. चौथा बिंदू बहुतेक जण लावत नाहीत. त्याचे महत्त्व आठव्या पायरीत येईल.

५. वेळेचा हिशेब मांडा आणि क्रम ठरवा

हिशेबाचा पाया म्हणून विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये मांडलेला नियम घ्यावा: दर तीन मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढणीला आणखी एक तास. वाट नसलेल्या वाळवंटासाठी त्यात निम्म्याची भर घालावी.

उदाहरणार्थ, गाडीपासून दीड मैलावर आणि १,२०० फूट वर असलेला माथा घ्या. अंतराची तीस मिनिटे आणि चढणीची छत्तीस मिनिटे मिळून सहासष्ट मिनिटे होतात. निम्मी भर घातली की चढाईला सुमारे शंभर मिनिटे लागतात. उतरायला पन्नास आणि माथ्यावर पंधरा मिनिटे धरली, तर एक माथा पावणेतीन तासांचा होतो. असे तीन माथे म्हणजे सव्वाआठ तास. मधले दोन प्रवास कच्च्या रस्त्यावरून प्रत्येकी आठ मैलांचे असतील आणि वेग ताशी बारा मैल मिळाला, तर आणखी एक तास वीस मिनिटे जातात. एकूण नऊ तास पस्तीस मिनिटे झाली, आणि डिसेंबरातील दिवसाचा जवळजवळ सगळा उजेड यातच संपला. बूट बांधणे, काटे काढणे, रस्ता चुकून परत वळणे हे अजून धरलेलेच नाही. एका दिवसात सहा-सात माथ्यांचे बेत कागदावर सुरेख दिसतात. नवख्याने तीन धरावेत आणि चौथा फावल्या वेळेसाठी ठेवावा.

क्रम लावताना सर्वांत अवघड आणि सर्वांत दूरचा माथा पहिला घ्यावा, कारण पाय ताजे असतात आणि काही बिघडले तरी उजेड हाताशी असतो. सर्वांत वाईट रस्ताही शक्यतो सकाळीच पार पडावा आणि दिवस पुढे सरकेल तसे तुम्ही डांबरी रस्त्याच्या जवळ येत जावे. दुपार तापणार असेल, तर पश्चिमेकडचे उतार सकाळी सावलीत असताना चढून घ्यावेत. संध्याकाळची शेवटची उतरण पश्चिमाभिमुख नसावी, हे तर आवर्जून पाहावे. समोरून येणाऱ्या तिरप्या उन्हात पायाखालचा दगड आणि चोया निवडुंगाचा गोळा यांतला फरक कळत नाही.

प्रत्येक माथ्यापुढे दोन वेळा लिहाव्यात: गाडी सोडण्याची अपेक्षित वेळ आणि जिथे असू तिथून मागे फिरण्याची वेळ. दुसरी वेळ उलटली की माथा शंभर फुटांवर असला तरी परतावे. एकच माथा करायचा असतो तेव्हा या नियमात थोडी ढील चालते. जोडदिवसात मात्र पहिल्या माथ्यावर उधळलेला अर्धा तास शेवटच्या माथ्याच्या उतरणीवर अंधाराच्या रूपाने वसूल होतो.

६. गाडीची तयारी

भाड्याची गाडी घेणार असाल, तर करार आधी वाचावा. अनेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते आणि तिथे बिघाड झाल्यास विमाही लागू होत नाही. स्वतःच्या गाडीत पूर्ण आकाराचे जादा चाक, चालू स्थितीतला जॅक आणि त्याखाली ठेवायला फळी, फावडे, हवा भरण्याचा पंप आणि ओढण्याचा पट्टा असावा. वाळवंटात टायर बहुतेक वेळा बाजूने फाटतो, आणि तसा फाटलेला टायर पंक्चरच्या सामानाने दुरुस्त होत नाही.

इंधन शेवटच्या गावात पूर्ण भरावे. मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह सुमारे सोळा लाख एकरांचे आहे आणि त्याच्या हद्दीत पेट्रोल मिळत नाही.

७. सामान आणि कागदपत्रे

कागदपत्रांत वाहन परवाना, गाडीचा विमा, उद्यानात जात असल्यास प्रवेशपत्र, लागू असेल तिथे लष्करी परवाना, आणि छापील नकाशे. फोनमधले नकाशे आधीच उतरवून घ्यावेत, कारण या रांगांत मोबाइलचा संपर्क क्वचितच मिळतो.

पाण्यासाठी दर माणशी दर दिवशी एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर, हे किमान प्रमाण आहे. मी गाडीत दुप्पट ठेवण्याच्या मताचा आहे, कारण गाडी अडकली तर रात्र तिथेच काढावी लागते. पाठपिशवीत प्रत्येक माथ्यासाठी दोन लिटर पुरतात. हा गाडीकडे परतत राहण्याचा मोठा फायदा आहे.

बाकीचे सामान असे:
- टणक तळव्याचे बूट आणि घोटे झाकणारे गेटर
- चामड्याचे हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा, जाड पँट
- मोठ्या दातांचा कंगवा आणि चिमटा
- हेडलँप आणि जादा बॅटरी, दिवसाचा बेत असला तरी
- उपग्रह संदेशक किंवा ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन
- वाऱ्यासाठी जाकीट, प्रथमोपचार, पेन्सिल

कंगव्याचे काम चोयासाठी आहे. या निवडुंगाच्या गोळ्याला नुसता स्पर्श झाला तरी तो बुटाला किंवा पोटरीला चिकटतो, आणि हाताने काढायला गेले की हातालाही धरतो. कंगवा गोळा आणि कातडी यांच्या मध्ये सरकवून एका झटक्यात, इतरांपासून दूर उडवावा. कातडीत राहिलेले काटे मग चिमट्याने काढावेत. याउलट कॅटक्लॉ या झुडपाचे काटे मागे वळलेले असतात. त्यात अडकल्यावर जोर लावून पुढे जाऊ नये. एक पाऊल मागे घेतले की काटे आपोआप सुटतात.

घरी राहणाऱ्या एका विश्वासू व्यक्तीकडे लेखी बेत द्यावा. त्यात माथ्यांचा क्रम, गाडी उभी करण्याची सर्व ठिकाणे, गाडीचा क्रमांक आणि मदत मागण्याची ठरलेली वेळ असावी. सोबत संबंधित काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफ कार्यालयाचा, म्हणजे तिथल्या पोलिसांचा, थेट दूरध्वनी क्रमांकही लिहून द्यावा. ती व्यक्ती दुसऱ्या राज्यात असेल आणि तिने ९११ हा आपत्कालीन क्रमांक फिरवला, तर फोन तिच्याच भागातील केंद्राकडे जातो. जोडदिवसात शोधपथकापुढे एकाऐवजी चार डोंगर असतात, म्हणून प्रत्येक वेळी गाडीशी परतल्यावर उपग्रह संदेशकावरून एक ओळ पाठवावी.

८. चढताना सोंड, उतरताना घळ

वाट नसलेल्या डोंगरावर चढताना सोंडा एकमेकींना मिळत माथ्याकडे जातात. कोणत्याही सोंडेने वर गेलात तरी शेवटी तुम्ही मुख्य धारेवरच येता. उतरताना हेच चित्र उलटे होते. प्रत्येक फाट्यावर सोंड दुभंगते, आणि एक फाटा चुकला की तुम्ही भलत्याच खोऱ्यात उतरता. घळींचा स्वभाव नेमका विरुद्ध आहे: त्या वर जाताना फुटतात आणि खाली येताना एकत्र होतात. म्हणून चढताना सोंड धरावी, आणि उतरताना सोंड नेमकी कुठे सोडायची हे आधीच ठरवलेले असावे. त्यासाठीच चौथा बिंदू. चढताना दर फाट्यावर थांबून मागे वळून पाहावे, कारण परतताना डोंगर त्याच बाजूने दिसणार असतो.

घळीत वाळू किंवा बारीक मुरूम असेल तर उतरण झपाट्याने होते. टाचा रोवत गेले की गुडघ्यांना त्रास होत नाही. मात्र जी घळ खालून पूर्ण पाहिलेली नाही, तिच्यात कोरडा धबधबा असू शकतो हे गृहीत धरावे आणि जिथून परत चढता येणार नाही असा टप्पा उडी मारून उतरू नये. घसाऱ्यावर सोबत्यांनी एकामागोमाग चालू नये. एक तर अगदी जवळ राहावे किंवा तिरप्या रेषेत अंतर ठेवावे, म्हणजे सुटलेला दगड खालच्या माणसावर येत नाही. वाळवंटी उन्हाने काळपट चकाकी आलेला दगड पक्का वाटतो, पण मोठा धोंडाही पाय ठेवण्यापूर्वी हलवून पाहावा. हात दिसणार नाही अशा खोबणीत हात घालू नये.

खाणीच्या बोगद्यांत डोकावण्याचा मोह टाळावा. आतली लाकडे कुजलेली असतात, तळाला झाकलेले खड्डे असतात आणि हवेत प्राणवायू कमी असू शकतो. काळपट, खवल्यांसारख्या मातीच्या पापुद्र्यावर चालू नये; तो सजीव थर आहे आणि तुडवला गेला की भरून यायला फार वर्षे लागतात. ओढ्याच्या वाळूतून किंवा दगडांवरून चालले की तो प्रश्न येत नाही. धुळीतून व्हॅली फीव्हर हा बुरशीजन्य संसर्ग होऊ शकतो, म्हणून वाऱ्याच्या दिवशी नाकातोंडावर रुमाल बांधावा, आणि परतल्यावर काही आठवड्यांत ताप-खोकला आला तर डॉक्टरांना वाळवंटात गेल्याचे सांगावे.

९. माथ्यावरची कामे

माथ्यावर बऱ्याचदा भूमापनाच्या खुणेची पितळेची चकती सिमेंटमध्ये बसवलेली आढळते. तिच्यावर ठोकलेले नाव हेच पुष्कळदा त्या अनाम डोंगराचे प्रचलित नाव बनलेले असते. जुन्या चकत्यांवर ती हलवल्यास २५० डॉलर दंड होईल असा इशाराही कोरलेला असतो. परंतु चकती म्हणजे सर्वोच्च बिंदू असे समजू नये. सर्वेक्षकांना दूरवरून दिसणारी जागा हवी होती, आणि ती कधी कधी उंच खडकापासून थोडी बाजूला असते. बाणाची खूण असलेली चकती ही संदर्भाची चकती असते. बाण मुख्य चकतीकडे रोखलेला असतो. दोन उंचवटे सारखेच वाटत असतील, तर हातात धरायची साधी लेव्हल (आडवी पातळी दाखवणारे छोटे उपकरण) डोळ्याला लावून एकावरून दुसरा पाहावा, किंवा सरळ दोन्हींवर पाय ठेवावा. त्याला लागणारी दहा मिनिटे पुन्हा सगळा प्रवास करण्यापेक्षा स्वस्त पडतात.

दगडांच्या राशीत एकमेकांत उलटे बसवलेले दोन डबे किंवा काचेची बरणी असेल, तर आतल्या वहीत तारीख आणि नाव पेन्सिलीने लिहावे, कारण शाई फिकी पडते. वही भरली असली तरी ती खाली आणू नये. डबे पूर्वीसारखेच घट्ट बसवून, वर दगड ठेवून निघावे.

१०. दोन माथ्यांच्या मध्ये

गाडीशी परतल्यावर बसून राहिलात की अर्धा तास सहज जातो. आधी पाणी प्यावे, पाठपिशवी भरावी, घड्याळ पाहून पुढच्या माथ्याची मर्यादा शिल्लक आहे का हे ठरवावे, आणि खाणे पुढच्या प्रवासात उरकावे. खारट काहीतरी प्रत्येक थांब्यावर खावे; नुसत्या पाण्यावर राहिल्यास दुपारनंतर पेटके येऊ शकतात. पेटके आले, दोनदा पाय घसरला, किंवा नकाशा वाचायचा कंटाळा येऊ लागला, तर उरलेला माथा सोडून द्यावा.

वाळवंटी कासवांची हालचाल वसंतात वाढते आणि सावलीसाठी ती उभ्या गाडीखाली येऊन बसतात. १९९० पासून मोहावीतील कासवांना केंद्रीय संरक्षण आहे. त्यामुळे गाडी सुरू करण्यापूर्वी दर वेळी चाकांखाली वाकून पाहावे. कासव असेल तर ते स्वतःहून निघेपर्यंत थांबावे, कारण उचललेले कासव घाबरून लघवी करते आणि साठवलेले पाणी गमावते. अशा वेळी तुमचे वेळापत्रक पुढे सरकते आणि शेवटचा माथा गळतो. तो पुढच्या खेपेच्या यादीत घालावा.

डांबरी रस्त्याला लागल्यावर, संपर्क मिळताच, ज्यांच्याकडे बेत दिला आहे त्यांना सर्व जण बाहेर आल्याचे कळवावे, आणि प्रत्येक माथ्याला प्रत्यक्षात किती वेळ लागला हे त्याच रात्री लिहून ठेवावे. नेस्मिथच्या नियमात तुम्ही निम्म्याची भर घालायची की पाऊणपटीची, हे त्या आकड्यांवरूनच ठरते.